तंबूच्या मागे काय आहे? आफ्रिकेतली सफारी लॉज ३६० अंशात घरबसल्या कशी बघायची

चार वर्षांपूर्वी आम्ही आईबाबांना घेऊन केनियाला गेलो होतो. लॉज ठरवताना एकच फोटो बघितला होता, समोर नदी, नदीकाठी हत्ती आणि अलीकडे तंबूच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या. बास, बुकिंग केलं. पोचल्यावर कळलं की नदी दिसणारे तंबू पुढच्या रांगेत आठच आहेत, आम्हाला मिळाला मागच्या रांगेतला, समोर स्वयंपाकघराचं मागचं दार, बाजूला जनरेटर, आणि जेवायच्या जागेपासून तंबूपर्यंत दगडी पायऱ्या. मी मोजल्या, एकाहत्तर. आईच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे, त्यामुळे ती सकाळी एकदा खाली उतरायची आणि रात्री एकदाच वर जायची, दुपारभर जेवणघरातल्या सोफ्यावर बसून राहायची आणि आम्हाला म्हणायची तुम्ही जा रे, मी ठीक आहे.

परत आल्यावर त्या लॉजचं गूगलवरचं पान उघडलं तर तिथे ३६० अंशाचा फोटो होता, आम्ही जायच्या दोन वर्षं आधी टाकलेला. बोटाने फिरवला आणि पायऱ्या, जनरेटर, मागची रांग, सगळं जसंच्या तसं दिसलं. आम्ही तो उघडलाच नव्हता.

तेव्हापासून मी हे फिरते फोटो अगदी बारकाईने बघायला लागले, आधी रागाने, मग आवडीने, आणि आता नात्यातलं, ऑफिसमधलं कुणी आफ्रिकेला निघालं की फोन मला येतो. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी आहेच, पण ज्यांना तब्येतीमुळे किंवा पैशामुळे जाता येणार नाही त्यांच्यासाठीही तितकंच आहे.

आधी हे फोटो असतात काय

साधा फोटो म्हणजे फोटोग्राफरने तुमची मान धरून एका दिशेला वळवणं. ३६० अंशाचा पॅनोरमा म्हणजे त्याने कॅमेरा मधोमध ठेवला आणि तो बाजूला झाला, आता मान तुमची तुम्ही वळवायची. वर आकाश, खाली जमीन, मागे पुढे सगळं एकाच फाइलमध्ये असतं. ती फाइल सपाट उघडली तर रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट, जगाचा नकाशा पसरवल्यासारखी ताणलेली दिसते, आणि ब्राउझर तिला गोलाच्या आतून चिकटवून तुम्हाला मधे उभं करतो. बऱ्याच लॉजच्या टूरमध्ये जमिनीवर किंवा दारावर गोल ठिपके असतात, त्यावर दाबलं की पुढच्या खोलीत जाता येतं. पायाखाली बघितलंत तर बहुतेक वेळा लॉजचा गोल लोगो दिसेल, तो ट्रायपॉड झाकायला लावलेला असतो.

जागा एकच निवडा

आफ्रिका बघायची म्हणून बसलात तर दोन तासात डोळे दुखतील आणि लक्षात काही राहणार नाही. एकच जंगल घ्या आणि आठवडाभर तिथेच फिरा. सुरुवातीला मी सगळ्यांना दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर नॅशनल पार्क सांगते, कारण तिथल्या रस्त्यांची गूगल स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे कॅमेरा रस्त्यावरून फिरवत सलग काढलेले ३६० फोटो, खूप चांगली आहे आणि तिथे आपली गाडी आपण चालवायची मुभा असल्यामुळे रस्ते, पाट्या, पेट्रोलपंप, कॅम्प सगळं आपल्यासारख्या माणसाला समजेल असं आहे. १९२६ साली हे नॅशनल पार्क झालं, उत्तर-दक्षिण लांबी साधारण ३६० किलोमीटर आणि क्षेत्रफळ जवळपास १९,५०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्यापेक्षा मोठं! ताडोबाचा हिशोब डोक्यात ठेवून बघायला बसाल तर अंतरं चुकतील, हे आधीच सांगते.

आणि हो, तिथे मधोमध एक कॅम्प आहे, नाव सटारा. आपल्या साताऱ्याशी त्याचा संबंध नाही, पण नाव आपल्याच बाजूने गेलेलं आहे. असं सांगतात की जमिनीची मोजणी करणाऱ्या सर्व्हेयरचा एक भारतीय मदतनीस होता आणि त्याने नकाशावरच्या तुकड्याचा आकडा हिंदीत सांगितला, सतरा, त्याचंच पुढे सटारा झालं. मला हे कळलं तेव्हापासून त्या गवताळ माळावरून फिरताना उगाच ओळखीचं वाटतं. तो भाग सिंहांसाठी प्रसिद्ध आहे, विशेषतः एस१०० नावाचा कच्चा रस्ता.

साधनं आणि कुठली बटणं

लॅपटॉप असेल तर उत्तमच, टीव्हीला जोडता आला तर त्याहून उत्तम. मोबाइलवरही होतं, फक्त डेटा भरपूर जातो तर वायफायवर बसा.

लॅपटॉपवर गूगल मॅप्स उघडा, उजव्या कोपऱ्यात खाली छोटा पिवळा माणूस असतो, त्याला माउसने उचलून धरा, लगेच सोडू नका. नकाशावर निळ्या रेषा आणि निळे ठिपके उमटतील. रेषा म्हणजे जिथून सलग कॅमेरा फिरलाय, तिथे तुम्ही बाण दाबत पुढेपुढे जाऊ शकता. ठिपके म्हणजे कुणीतरी एका जागी उभं राहून काढलेले सुटे ३६० फोटो, आणि लॉजसाठी हेच ठिपके सोन्यासारखे असतात, कारण त्यातले बरेचसे पाहुण्यांनी टाकलेले असतात. मोबाइलवर लेयर्सच्या बटणात जाऊन स्ट्रीट व्ह्यू चालू केलं की हेच दिसतं. शिवाय लॉजच्या नावावर दाबून फोटोंच्या विभागात गेलात तर बऱ्याच ठिकाणी स्ट्रीट व्ह्यू आणि ३६० असा वेगळा गठ्ठा मिळतो. लॉजच्या स्वतःच्या वेबसाइटवर व्हर्च्युअल टूर असली तर तीही बघाच, पण पाहुण्याचा ठिपका आधी आणि लॉजची टूर नंतर. हा क्रम मी कधी मोडत नाही, कारण टूर काढतात तेव्हा चादरी इस्त्रीच्या असतात आणि जनरेटर बंद असतो.

अजून दोन गोष्टी. फोटो कुठल्या महिन्यातला, कुठल्या वर्षातला ते वर कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा, जुना असेल तर मधे सगळं बदललेलं असू शकतं. आणि होकायंत्राचं छोटं चिन्ह असतं, त्यातला लाल काटा उत्तर दाखवतो, हा काटा पुढे फार कामाला येणार आहे.

गेटमधून आत शिरा, थेट खोलीत उतरू नका

सगळे इथेच चुकतात. थेट बेडरूम बघतात. अरे पण तिथवर पोचायचं कसं, रस्ता कसा, शेवटचं दुकान कुठे, हे कुणी बघायचं? मी पिवळ्या माणसाला आधी गेटबाहेर सोडते. क्रूगरचं पॉल क्रूगर गेट घ्या, तिथून स्कुकुझा कॅम्प १२ किलोमीटर. स्कुकुझा हे नाव पार्कचे पहिले वॉर्डन जेम्स स्टीव्हनसन-हॅमिल्टन यांना स्थानिकांनी दिलेलं, अर्थ साधारण सगळं झाडून साफ करणारा. १९०२ पासून, म्हणजे नॅशनल पार्क व्हायच्या आधीपासून, १९४६ पर्यंत हा माणूस तिथे होता, आणि आज जंगल उरलंय त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

स्कुकुझाहून लोअर साबी कॅम्पकडे जाणारा एच४-१ हा डांबरी रस्ता साबी नदीच्या कडेकडेने जातो, साधारण ४६ किलोमीटर. हा रस्ता मी बाबांबरोबर टीव्हीवर केला. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, बायपास झाल्यापासून त्यांना लांबचा प्रवास नाही. रिमोटसारखा माउस हातात घेऊन ते एकेक बाण दाबत होते आणि पहिली दहा मिनिटं प्राण्यांबद्दल चकार शब्द नाही, साइडपट्टी कशी आहे, वळणाला पाटी आहे का, समोरून गाडी आली तर कुठे घ्यायची, हेच. मग एका ठिकाणी थांबले. डावीकडे नदी, झाडांच्या मधून दिसणारा वाळूचा पट्टा, आणि त्या वाळूत करड्या रंगाचे चार गोल. "दगड आहेत," मी म्हटलं. त्यांनी दोन बाण पुढे जाऊन मागे वळून बघितलं, तर चार दगडांपैकी एकाची जागा बदललेली होती. पाणघोडे! दोन फोटोंच्या मधल्या सेकंदांत एक जण सरकला होता. त्या दिवशी जेवण साडेदहाला झालं.

तिथे वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४०, त्यामुळे ४६ किलोमीटरला थांबत थांबत दोन-तीन तास सहज लागतात. लोअर साबीच्या अलीकडे सनसेट डॅम आहे, रस्त्याला अगदी लागून, पाणघोडे आणि मगरी बघायला. हे सगळं आधी बघून ठेवलं की प्रत्यक्ष गेल्यावर नकाशात डोकं घालावं लागत नाही, डोळे बाहेर राहतात.

आता लॉज, आणि इथे वेळ घ्या

खोलीच्या फोटोत शिरलात की पहिलं काम, पूर्ण मागे वळा. जे दाखवायचं आहे ते समोर ठेवलेलं असतं, खरं काय आहे ते मागे असतं.

मग एक चक्कर हळूहळू मारा आणि हे शोधा. कुंपण आहे का? क्रूगरचे सरकारी कॅम्प कुंपणाच्या आत असतात आणि गेट संध्याकाळी बंद होतं, लहान मुलं बरोबर असतील तर हे फार सोयीचं. पण शेजारच्या साबी सँड भागातली बरीचशी खासगी लॉज कुंपणाशिवाय असतात, हत्ती, बिबट्या अंगणातून जाऊ शकतो, रात्री खोलीपासून जेवणापर्यंत माणूस सोडायला येतो. आणि साबी सँड आणि क्रूगर यांच्यामधलं कुंपण तर १९९३ मध्येच काढून टाकलंय, प्राणी इकडून तिकडे मोकळे फिरतात. दोन्हीत चांगलं वाईट असं काही नाही, पण आपल्याबरोबर कोण आहे त्यावर ठरवायचं.

शेजारचा तंबू किती लांब आहे? इथे फसगत होते, कारण ३६० कॅमेऱ्याची लेन्स फार रुंद असते, खोली मोठी आणि लांबच्या गोष्टी अजून लांब वाटतात. माझी युक्ती अशी की अंदाज करायचाच नाही, मोजायचं. दरवाजा साधारण सात फूट उंच, डबल बेड सहा-सव्वासहा फूट लांब, फरशी असेल तर फरश्या मोजा, लाकडी डेक असेल तर फळ्या. पलंगाच्या कडेपासून भिंतीपर्यंत फूटभराच्या दोनच फरश्या असतील तर व्हीलचेअर विसरा. आणि कॅमेरा किती उंचीवर होता तेही बघा, समोरच्या टेबलाचा वरचा भाग अजिबात दिसत नसेल तर कॅमेरा टेबलापेक्षा खाली होता, अशा फोटोत छत उगाच महालासारखं वाटतं.

पायऱ्या. प्रत्येक ठिपक्यावर जाऊन पायऱ्या मोजा. उंच काठावरच्या कॅम्पमधून जे दिसतं त्याला तोड नाही, क्रूगरमधला ओलिफंट्स कॅम्प नदीच्या वर कड्यावर बसलेला आहे आणि व्हरांड्यातून खालचा नदीचा वाक बघत माणूस तासन्‌तास बसेल, पण ज्येष्ठ माणसं असतील तर खोली रेस्टॉरंटच्या जवळ मागून घ्या, आणि कुठली जवळ ते पॅनोरमात बघून नंबरासकट मागा. मोघम सांगितलं तर मोघमच मिळतं.

वर बघा. मच्छरदाणी आहे का, पंखा आहे का, छत गवताचं आहे का. खाली बघा, प्लगचं सॉकेट कुठलं आहे, केनिया टांझानियात इंग्लंडसारखं तीन चौकोनी पिनांचं असतं, दक्षिण आफ्रिकेत तीन जाड गोल पिनांचं. बाथरूमच्या ठिपक्यावर जा आणि शॉवर बघा, काही तंबूंमध्ये शॉवर उघड्यावर असतो, आणि काही ठिकाणी बादलीने वरून गरम पाणी भरतात, सांगितलेल्या वेळेलाच. हे वाईट नाही, मला तर आवडतं, पण आईला आधी सांगायला हवं ना.

स्कुकुझात अजून एक मजेची जागा बघून घ्या. साबी नदीवरच्या जुन्या सेलाटी रेल्वेपुलावर जुने डबे कायमचे उभे करून त्याच्या खोल्या केल्यात, क्रूगर शलाटी नावाने, २०२० मध्ये सुरू झालं. १९२० च्या दशकात पाहुणे रेल्वेने यायचे ते ह्याच लाइनवरून. डब्याच्या काचेतून खाली बघायचं, मग वर बघायचं, मग मागे पुलाकडे. साध्या फोटोत हे कळतच नाही की आपण नदीच्या बरोबर मधोमध लटकतोय.

सूर्य आणि ऋतू ओळखा

ही गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली. आपल्याकडे थंडीत सूर्य दुपारी दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची खिडकी उबदार. क्रूगर विषुववृत्ताच्या खाली साधारण २५ अंशावर आहे, तिथे उलटं, दुपारचा सूर्य उत्तरेकडे. आणि तिथला हिवाळा आपल्या पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट. पहाटेच्या उघड्या जीपमध्ये दात वाजतात. म्हणून लाल काटा बघून व्हरांडा उत्तरेकडे तोंड करून आहे का ते पाहते, असेल तर सकाळची सफारी झाल्यावर उन्हात बसायला मिळतं. केनिया विषुववृत्तावरच असल्यामुळे तिथे हा हिशोब फारसा लागू नाही, सूर्य डोक्यावरच असतो.

ऋतू गवतावरून कळतो. टूरमध्ये सगळं हिरवंगार दिसत असेल तर फोटो पावसाळ्यातले आहेत, क्रूगरमध्ये म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. तुम्ही ऑगस्टमध्ये जाणार असाल तर तेच अंगण तपकिरी, झाडं निष्पर्ण आणि नदीत पाण्याच्या चार धारा असं दिसेल. निराश होऊ नका, उलट प्राणी तेव्हाच दिसतात, कारण झाडी विरळ आणि पाणी मोजक्याच ठिकाणी. आपल्या ताडोबात मे महिन्यात पाणवठ्यावर गर्दी का असते, तेच कारण.

प्राणी शोधायचे कसे

लोक तक्रार करतात की पॅनोरमात प्राणी दिसतच नाहीत. दिसतात, पण हिशोब समजून घ्या. समजा फोटो ८००० पिक्सेल रुंद आहे, तो ३६० अंशांत वाटला की एका अंशाला साधारण २२ पिक्सेल येतात. तीन मीटर उंचीचा हत्ती १०० मीटरवर उभा असेल तर तो पावणेदोन अंश जागा घेतो, म्हणजे ३८ पिक्सेल, नखाएवढा पण ओळखू येतो. मीटरभर उंचीचा सिंह त्याच अंतरावर असेल तर १३ पिक्सेल, आणि तो गवतात बसला असेल तर संपलंच. त्यामुळे पॅनोरमा हे हत्ती, जिराफ, पाणघोडे आणि कळपांचं माध्यम आहे, सिंहाच्या मिशा बघायच्या असतील तर लांबचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सचा साधा फोटोच बघा.

बघायची पद्धत मी गाइड लोकांकडून उचलली. आधी झूम करायचंच नाही. क्षितिजाची रेघ धरून डावीकडून उजवीकडे एक फेरी, मग त्याच्या खालच्या पट्ट्यातून उलटी फेरी, मग झाडांच्या सावल्या. प्राणी शोधायचा नाही, आडवी रेघ शोधायची. जंगलात झाडं, गवत, फांद्या बहुतेक उभ्या असतात, पाठ मात्र आडवी असते. वारुळं सारखी फसवतात, पण वारूळ खाली रुंद आणि वर निमुळतं, प्राण्याचं पोट जमिनीपासून सुटलेलं असतं आणि खालून उजेड दिसतो. इम्पाला नावाचं हरीण तर मागून ओळखायचं, ढुंगणावर तीन काळ्या उभ्या रेघा. आणि कळप दिसला तर सगळ्यांची तोंडं कुठे आहेत ते बघा, सगळे एकाच बाजूला टक लावून असतील तर त्या बाजूला झूम करा.

कधीकधी विचित्र गोष्टी दिसतील. एका पाणवठ्याच्या फोटोत मला दोन सोंडांचा हत्ती दिसला होता, आणि त्याच्या शेजारी पिल्लू, ज्याला पुढचे पाय होते पण मागचा भागच नव्हता. कॅमेरा एकामागून एक तुकडे काढतो आणि नंतर ते शिवले जातात, मधल्या वेळात हत्तीने सोंड उचलली आणि पिल्लू आईच्या पलीकडे गेलं. शिवणीच्या जागी हे होणारच. मला तो फोटो फार आवडतो, त्यात काही सेकंदांचा काळ शिवलेला आहे.

क्रूगर झालं, आता पुढे कुठे

केनियातलं सांबुरू घ्या. छोटं अभयारण्य आहे, १६५ चौरस किलोमीटर, पण २०१५ मध्ये सेव्ह द एलिफंट्स या संस्थेच्या साथीने तिथे स्ट्रीट व्ह्यू झालं आणि त्यात हत्तींचे कळप अगदी जवळून आलेत. इवासो न्गिरो नदीच्या काठाकाठाने फिरा. तिथले बारीक पट्ट्यांचे ग्रेव्ही झेब्रे आणि जाळीदार नक्षीचे जिराफ केनियातल्याच प्रसिद्ध मसाई मारात दिसत नाहीत.

केनियातल्याच अंबोसेलीला जाणाऱ्यांनी एकच गोष्ट बघायची, लाल काटा. किलिमांजारो, ५,८९५ मीटर, टांझानियात आहे पण अंबोसेलीतून दक्षिणेकडे दिसतो. तंबूचं तोंड दक्षिणेला नसेल तर डोंगरासाठी वेगळे पैसे देऊ नका. आणि दुपारच्या फोटोत डोंगर गायब असेल तर घाबरू नका, तो पहाटे आणि संध्याकाळी ढग हटल्यावर दिसतो.

टांझानियातल्या न्गोरोंगोरोसाठी स्ट्रीट व्ह्यूपेक्षा गूगल अर्थ उघडा आणि नकाशा आडवा कलवा. ते ज्वालामुखीचं विवर तब्बल ६०० मीटर खोल आहे, तळ साधारण २६० चौरस किलोमीटरचा. आत मुक्काम करता येत नाही, लॉज काठावर, समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या आसपास. म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कितीतरी उंच. खोलीतून दिसणारं दृश्य वर आणि प्राणी खाली, रोज उतरायचं आणि चढायचं, धुकं आणि थंडी धरून चाला. हे कलवून बघितल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

नामिबियातल्या एतोशामध्ये ओकाउकुएयो कॅम्पचा पाणवठा शोधा, दगडी भिंतीच्या अलीकडे बाकडी आणि पलीकडे पाणी, रात्री दिव्यांचा उजेड. काळे गेंडे तिथे रात्री पाण्यावर येतात.

पॅनोरमाला जोड लाइव्ह कॅमेऱ्याची

पॅनोरमा गोठलेला असतो, आवाज नसतो. ती उणीव लाइव्ह कॅमेरा भरून काढतो. नामिब वाळवंटातल्या पाणवठ्याचं यूट्यूबवर चोवीस तास प्रक्षेपण चालतं, दक्षिण आफ्रिकेतल्या टेम्बे एलिफंट पार्कचंही बघता येतं. दोन्हीकडची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, केनिया अडीच तास मागे. म्हणजे इथे जेवणं उरकून साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा, पाणवठ्यावर यायची वेळ. हेडफोन लावा आणि रातकिड्यांचा आवाज ऐका, आपल्यापेक्षा वेगळा आहे.

व्हीआर चष्मा

पुठ्ठ्याचा स्वस्तातला चष्मा घेऊन त्यात मोबाइल बसवला तरी चालतो, फोनमध्ये जायरोस्कोप असायला हवा, म्हणजे मान वळवली की चित्र वळतं. वयस्कर माणसांना फिरत्या खुर्चीत बसवूनच दाखवा, उभ्याने तोल जातो, आणि पाच मिनिटांवर नको, मळमळतं. मी आईला आधी स्थिर फोटो दाखवते, चालता व्हिडिओ कधीच नाही.

प्रत्यक्ष गेलात आणि स्वतः काढायचं असेल तर

दोन लेन्सचा छोटा ३६० कॅमेरा आणि लांब काठी पुरते. शिवण दोन लेन्सच्या मधल्या कडेवर येते, म्हणून एक लेन्स थेट हत्तीकडे वळवा, कॅमेऱ्याची कड त्याच्याकडे नको. प्राणी दहा-पंधरा मीटरच्या आत नसेल तर ३६० काढण्यात अर्थ नाही, तेव्हा साधा कॅमेरा उचला. खोलीत काढताना कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, टायमर लावा आणि दाराआड व्हा.

नियम. क्रूगरमध्ये गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून किंवा सनरूफमधून अंग बाहेर काढायचं नाही. ड्रोनला बंदी आहे. केनियात छत वर उघडणाऱ्या गाड्या असतात, काठी वर धरण्याआधी गाइडला विचारा, तो नाही म्हणाला तर नाही. ३६० कॅमेऱ्यात आजूबाजूचे सगळेच येतात, मागे भांडी घासणारी बाईसुद्धा, तर मसाई गावात, कॅम्पच्या कामगारांमध्ये आधी विचारा.

खोलीचे फोटो मात्र जरूर अपलोड करा. पायऱ्या येऊ द्या, जनरेटर येऊ द्या, खोलीचा नंबर लिहा, महिना लिहा. पुढच्या कुणाची तरी आई त्यावरून खालची खोली मागून घेईल.

आणि गेंडा दिसला, तो ३६० मध्ये आला, तर तो फोटो नकाशावर टाकू नका. ३६० फोटोत जीपीएस असतं, आणि जीपीएस काढून टाकलं तरी मागचा डोंगर, रस्त्याची पाटी, पाणवठ्याचा आकार सगळं त्यात असतं, चारही बाजूंनी. जी गोष्ट आपल्याला लॉज निवडताना मदत करते तीच शिकाऱ्याला जागा दाखवते. २०१४ या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले, शिंगांसाठी. माझ्याकडे असा एक फोटो आहे, गेंड्याची मादी आणि पिल्लू, गाडीपासून बारा पावलांवर, दोघांचे कान वेगवेगळ्या दिशेला. तो लॅपटॉपमध्ये ठेवलाय, घरी कुणी आलं की टीव्हीला जोडून दाखवते, आणि कुठला ते विचारलं तर सांगत नाही.